जुमैलमधला गुळाचा खडा

हनियानं दिलेली पिशवी मी निघताना चपलांच्या कपाटावर, तिच्या मुलाच्या क्रिकेट पॅडमागे, कोणाला चटकन दिसणार नाही अशी ठेवून दिली. पिशवीत सँडविच होती, खजूर होते, ज्यूसचे दोन छोटे डबे होते. "ताई, तुम्हाला काही रोजा नाही, दिवसभर उपाशी राहू नका. आणि पिशवी गाडीत हाताशीच असू द्या हां," असं ती दोनदा म्हणाली होती. दुसऱ्यांदा म्हणताना ती आणखी काही सांगणार होती. पण तेवढ्यात तिचे सासरे किल्ली खुळखुळवत बाहेर आले आणि ती गप्प झाली. मला वाटलं, रोजा धरलेल्या माणसाच्या शेजारी बसून आपण ज्यूस ओढायचा, हे कसं दिसेल. माझी पाण्याची बाटलीसुद्धा मी पर्समधून काढून तिथंच ठेवली.

हनियाचे सासरे म्हणजे इब्राहीमचाचा, दाभोळचे. कतारमध्ये नजमा भागातल्या एका खोलीत ते आणि माझे बाबा एकोणीस वर्षं राहिले. बाबांचं नाव पोपट. ते गोड्या पाण्याचा टँकर चालवायचे, चाचा त्याच कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. पुढे मुलानं, रमीजनं, मुऐदरला घर घेतलं आणि चाचा तिकडे राहायला गेले. तरी दर गुरुवारी संध्याकाळी ते बसनं नजमाला जात, बाबांच्या खोलीवर मुक्काम करत आणि शुक्रवारी जेवून परतत. गेल्या नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी बाबा त्याच खोलीत वारले. चाचांनी आईला फोनवर सांगितलं, "वहिनी, झोपेतच गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

मी विट्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. वाक्यं वाचण्यातच माझा दिवस जातो. हे वाक्य मला पहिल्यापासून जरा जास्तच नीट वाटलं होतं.

बाबांना घरी आणून चार महिने झाल्यावर मी कतारला आले. कॉलेजची रजा मिळाली ती नेमकी रमजानात. मला बाबांचे रस्ते बघायचे होते. सव्वीस वर्षं फोनवर ऐकलेल्या गावांपैकी सगळ्यात जास्त ऐकलेलं गाव जुमैल. उत्तरेच्या टोकाला, समुद्राकाठी, माणसं सोडून गेलेलं गाव. गुरुवारची शेवटची फेरी टाकून बाबा तिथल्या शेवटच्या घराच्या भिंतीला टेकून बसायचे, आईनं दिलेल्या गुळाचा खडा तोंडात टाकायचे आणि घरी फोन लावायचे. "घरं हैत, मशीद हाय, समुद्र हाय. फक्त माणसं न्हाईत," ते सांगायचे. शाळेत असताना मला त्या गावाची फार भीती वाटायची.

आईनं, बायडाबाईनं, मला निघताना गुळाचा एक मोठा खडा रुमालात बांधून दिला. "त्यो बसायचा तितं ठेव. कावळा नसंल तितं, पण कुठलं का असंना, पाखरू शिवू दे. शिवल्याबिगर उचलू नगंस. आन् माघारी तर आणूच नगंस."

म्हणून गुरुवारच धरला. सकाळी दहाला आम्ही चाचांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून निघालो.

"मोठ्या रस्त्यानं जाऊ नका म्हणजे झालं," मी म्हटलं.

"मोठ्या रस्त्यानं गेलं तर हा देश तासाभरात संपतो गो बाय. तुझ्या बापानं तो आतल्या रस्त्यांनी सव्वीस वर्षं पुरवून पुरवून वापरला."

उम्म सलालला आम्ही बर्झानचे दोन बुरूज पाहिले. अल खोरला बंदरावर थोडं थांबलो. लाकडी होड्या एकमेकींना घासत उभ्या होत्या, रमजानामुळे बंद हॉटेलांच्या काचांना कागद चिकटवलेले होते. चाचा बोलत होते आणि मी ऐकत होते. बाबा रस्त्यावरच्या पाट्या वाचायचे नाहीत म्हणे. त्यांनी वळणांना स्वतःची नावं ठेवली होती: दोन टाक्या, मेलेला टायर, रुसलेलं झाड.

"रुसलेलं का?"

"सगळी झाडं वाऱ्याबरोबर एका बाजूला झुकलेली, न् हे एकटंच उलट. पोपट म्हणायचा, हे माझ्या बायकोच्या माहेरचं."

मी हसले. नोव्हेंबरानंतर पहिल्यांदाच असेन.

झुबाऱ्याच्या किल्ल्यात चाचा आत आले नाहीत. दुपारची नमाज पढून गाडीत बसून राहिले. मी परत आले तेव्हा त्यांनी कपाळ पुसून रुमाल घाईघाईनं खिशात घातला. गाडीत एसी चालू होता. मार्च महिना, बाहेरही ऊन बेताचंच होतं.

"बरं वाटत नाही का चाचा?"

"मला काय धाड भरलीय!"

तिथून पुढं मला भीती वाटायला लागली. डांबरी रस्ता अरुंद झाला होता, दोन्ही बाजूंना पांढुरकी सपाट जमीन आणि लांबवर एखाद्या शेताची तारेची कुंपणं. गाडी हळूहळू उजवीकडे सरकायची, चाकाखाली खडी वाजायची, मग चाचा दचकून स्टिअरिंग ओढायचे. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. माझा पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता. मी ड्रायव्हरची मुलगी. मला गाडी येत नाही. बाबा दर सुट्टीला म्हणायचे, पुढच्या खेपेला शिकवतो.

दोन पाण्याच्या टाक्या मागे गेल्या.

"चाचा, दोन टाक्या गेल्या वाटतं. तिथं वळायचं होतं ना?"

"मला शिकवतेस?" ते एकदम ओरडले. "तुझ्या जन्माआधीपासून आहे मी इथं! तोंड बंद ठेव!"

मी चाळीस वर्षांची आहे. चाचांनी माझ्याशीच काय, कोणाशीही या आवाजात बोललेलं मी ऐकलं नव्हतं. रोजा आहे, दमलेत, मी स्वतःला सांगितलं. थोडं पुढे जाऊन त्यांनी न बोलता गाडी वळवली आणि मागे आणली.

जुमैलला पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते. गाडी त्यांनी मशिदीपासून थोड्या अंतरावर उभी केली. मशिदीची छपरं कोसळलेली, फक्त मिनार उभा. पलीकडे समुद्री दगडांच्या भिंतींमागून भिंती.

"तू जा," चाचा सीट मागे टाकत म्हणाले. जीभ जड झाल्यासारखे शब्द येत होते. "शेवटचं घर. समुद्राकडची भिंत. मी जरा डोळा लावतो."

मी गेले. एकटीनं त्या गल्ल्यांतून जाताना माझ्याच पावलांचा आवाज मागून येत होता. दारांच्या जागी भोकं, भोकांतून दिसणारी दुसऱ्या घरांची भोकं. शेवटचं घर सापडलं. भिंतीला टेकून बसायची जागा ओळखू येत होती. तिथला दगड इतर दगडांपेक्षा गुळगुळीत होता, किंवा मला तसं वाटलं. मी रुमाल सोडला, गूळ दगडावर ठेवला आणि लांब जाऊन उभी राहिले.

पाखरू आलं नाही. समुद्र फार मागे गेला होता आणि त्या ओल्या पट्ट्यावर काही पांढरे पक्षी चालत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. वीसेक मिनिटं मी उभी होते. बाबा, या ना, असं मी मनात म्हटलं, आणि मलाच ते विचित्र वाटलं. शेवटी गूळ तसाच ठेवून परतले. मी गेल्यावर तरी पाखरं येतील.

चाचा झोपले होते. इंजिन चालू, काचा बंद. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. सहरीच्या जेवणाला पहाटे चारला उठलेला माणूस, झोपू दे, दाराचा आवाज नको. बाहेरच एका दगडावर बसले. दहा मिनिटं तरी बसले असेन. मग सहज काचेतून पाहिलं.

एसीचं वारं त्यांच्या कानावरचे पांढरे केस हलवत होतं आणि त्यांचा शर्ट छातीपासून पोटापर्यंत ओला होता. हनुवटीवरून घाम टपकत होता.

मी दार उघडून त्यांना हलवलं. "चाचा! चाचा, उठा!"

डोळे उघडले. ते माझ्याकडे बघत होते आणि मी कोण हे त्यांना कळत नव्हतं.

"हळू बोल," ते कुजबुजले. "उठवू नको त्याला. आठवडाभर गाडी ओढून आलाय. झोपू दे."

"कोणाला?"

"पोपटला." त्यांनी मागच्या रिकाम्या सीटकडे बोट दाखवलं. "घाम बघ किती आलाय त्याला. एसी वाढव. दार ओढून घे न् चल. आवाज करू नको."

मागे बघायचं धाडस मला झालं नाही. रिकामी सीटच असणार हे ठाऊक असूनही झालं नाही.

फोनला रेंजची एकच काडी होती. हनियानं पहिल्याच रिंगला उचलला.

"ताई, त्यांची शुगर उतरलीय! डॉक्टरांनी रोजा धरू नका सांगितलंय, ऐकत नाहीत. सहरीला अर्धी चपाती खाल्ली न् वर शुगरची गोळी घेतली. ताई, पिशवीतला ज्यूस द्या. आत्ताच्या आत्ता. त्यांच्यासाठीच दिलाय तो, तुमचं नाव पुढं केलं एवढंच. त्यांच्या हातात दिला असता तर घेतलाच नसता."

"हनिया, पिशवी मी घरी ठेवली."

"काय?"

"चपलांच्या कपाटावर आहे. मला वाटलं, त्यांच्यासमोर खाणं बरं नाही."

तिच्या चपलांचा आवाज आला, मग पॅड खाली पडल्याचा. पिशवी तिच्या हातात आली होती, शंभर किलोमीटरवर.

"ॲम्ब्युलन्सला, नऊशे नव्व्याण्णवला लावा," ती रडत म्हणाली. "मी रमीजला सांगते."

फोन उचलणारा माणूस हिंदी बोलणारा निघाला. लोकेशन पाठवून झालं. गाडी निघतेय, पंचवीस मिनिटं लागतील, तो म्हणाला. पेशंट शुद्धीत आहे का, गिळता येतंय का, मग काहीतरी गोड द्या, थांबू नका. मी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. कागदपत्रं, चष्मा, तस्बीहची माळ. डिकीत रेडिएटरसाठी पाण्याचा कॅन आणि एक जॅक. सीटखाली हात घातला. इतकी स्वच्छ गाडी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

आणि मग गूळ आठवला.

मी धावले. मशिदीला वळसा घालून पहिल्या गल्लीत शिरले, तर ती गल्ली पुढे बंद. मागे फिरले. आता सगळी घरं सारखी दिसत होती. प्रत्येक भिंत समुद्राकडची वाटत होती. एका भोकातून आत गेले, दुसऱ्यातून बाहेर आले आणि पुन्हा मशिदीपाशीच निघाले. लांबून गाडीच्या इंजिनाचा आवाज येत होता आणि तो आवाज थांबला तर काय, एवढंच डोक्यात होतं. मी मोठ्यांदा "बाबा!" अशी हाक मारली. मला लाज वाटली नाही. कोणी ओ दिली नाही. पण थांबल्यामुळे मला ओहोटीचा कुजका वास कुठून येतोय ते कळलं आणि मी त्या बाजूनं गेले.

खडा दगडावर तसाच होता. न शिवलेला. आईचा आवाज कानात इतका स्पष्ट आला की हात क्षणभर अडला. मग मी तो उचलला.

परत आले तर चाचांचे डोळे अर्धे मिटलेले. मी खडा जॅकवर आपटून फोडला, त्यातला तुकडा बोटांनी चुरला आणि त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड घट्ट मिटलं. माझा हात झटकला. एवढा जोर त्या अंगात कुठून आला कोण जाणे.

"रोजा आहे माझा."

"चाचा, औषध आहे हे. चालतं. तुमचा जीव…"

"रोजा आहे!"

दात आवळलेले. मी जबडा धरून पाहिला, विनवण्या केल्या, रागावले. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. रोजा सुटायला, मगरीबच्या अजानला, अजून अडीच तास.

"अजान झाली चाचा," मी म्हटलं.

त्यांची नजर माझ्यावर आली.

"झाली. तुम्ही झोपला होता म्हणून ऐकू आली नाही. ती बघा, समोर मशीद आहे. सगळे पंगतीला बसलेत. बाबापण बसलेत. तुमच्यासाठी थांबलेत."

ते काचेतून त्या पडक्या मशिदीकडे, मिनाराकडे बराच वेळ बघत राहिले. मग ओठ हलले. दुआ पुटपुटत होते. मला फक्त बिस्मिल्ला कळलं. आणि त्यांनी तोंड उघडलं, लहान मूल उघडतं तसं.

मी गालाच्या आतल्या बाजूला चिमूट चिमूट गूळ लावत गेले. "गिळा. आता गिळा." दुसरी चिमूट. तिसरी. अर्धा गूळ त्यांच्या दाढीत सांडत होता. मी मोजत होते, कशाचं मोजत होते ते माहीत नाही. दोनशेच्या पुढे गेले तेव्हा घाम टपकायचा थांबला. आणखी थोड्या वेळानं त्यांनी माझ्या हातातला तुकडा स्वतः घेतला, चघळला आणि डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

"नयना?"

"हो चाचा."

"हा कुठला गूळ?"

"आईनं दिलेला. बाबांना ठेवला होता."

ते चघळायचे थांबले. मग पुन्हा चघळू लागले. बाहेर ऊन होतं, सूर्य अजून बराच वर होता. त्यांनी ते सगळं पाहिलं.

"अजान झाली होती?"

"नाही."

"हं." त्यांनी दाढीतला गूळ पुसला. "मिनारावर कबूतर नाय न् तू अजान दिलीस. रोजा एक वेळ पुढं भरून काढीन. पण हनियाला काय तोंड दाखवू?"

"मलाही तिला तोंड दाखवायचंच आहे," मी म्हटलं आणि मग मला रडू फुटलं. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून बसले. हात अजून ओला होता.

"त्याला असाच घाम होता," ते समोर बघत म्हणाले. "सकाळी आठला. मी म्हटलं गरम होतंय. एसी वाढवला, पांघरूण काढलं. आठवड्यातून एक दिवस तर झोपायला मिळतो त्याला. दार ओढून घेतलं न् खाली जाऊन बसलो. जुम्म्याची नमाज पढून वर आलो तेव्हा…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "वहिनींना मी खोटं सांगितलं, नयना. त्याला कळलं असेल. मला हाकसुद्धा मारली असेल त्यानं."

याच वाक्यासाठी मी आले होते, हे मला तेव्हा कळलं. चार महिने मी त्याच्या जवळपास फिरत होते. आता ते समोर आलं तर मला फक्त दाराची मूठ आठवत होती.

"मीही आत्ता दार उघडलं नव्हतं," मी म्हटलं. "दहा मिनिटं बाहेर बसले होते. आवाज नको म्हणून."

त्यांनी मान हलवली.

लांबून धुरळा दिसला. पांढरी ॲम्ब्युलन्स खडबडत येत होती.

"उरलाय का?" चाचांनी विचारलं.

मूठभर खडा शिल्लक होता.

"जा, ठेवून ये त्याला."

"पण तुमचा उष्टा झालाय तो."

"एकोणीस वर्षं एका ताटात जेवलाय तो माझ्या. आता कसला सोवळा झालाय? जा. यल्ला."

या वेळी वाट चुकले नाही. गूळ दगडावर ठेवला आणि मागे न बघता, पाखराची वाट न बघता पळत आले. आईला काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

ॲम्ब्युलन्समधल्या माणसांनी चाचांच्या बोटाला सुई टोचून पाहिलं. शुगर अजून कमीच होती. त्यांनी हाताला सलाइन लावलं आणि मला शेजारी बसवलं. दार बंद झालं. गाडी हलली तसे चाचांचे डोळे मिटायला लागले.

"झोपू द्या, थकलेत," त्यातला एक जण हिंदीत म्हणाला. "आता भीती नाही."

त्याला कामाची माहिती होती, मला नव्हती. तरी मी चाचांचा खांदा धरून हलवला.

"चाचा, झोपू नका. मला बाबांचा रस्ता सांगा. झुबाऱ्यापासून. दोन टाक्या. मग काय?"

त्यांनी एक डोळा उघडला. "छळवाद आहेस. बापासारखी."

"दोन टाक्या. मग?"

"मेलेला टायर," ते म्हणाले.

"मग?"